दगड वाढतो का?

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर ५ मध्ये संध्याकाळी आमचा साक्षरतेचा वर्ग भरतो. मलंगगडाच्या बाजूच्या वाड्यांतली माणसेही तेथे येतात. एके दिवशी मी फळ्यावर 'दगड' हा शब्द लिहिला. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. सगळ्यांनी तो झटकन वाचला. मग एक बाई म्हणाल्या, "गुरुजी, दगड वाढतो का हो? दरसाल आम्ही शेतातले दगड वेचून बांधावर टाकतो. पुढच्या साली पुन्हा तितकेच. जणू जमीन दगड वितेच!"

वर्ग हसला. मी हसलो नाही. शब्द सोपा होता, पण प्रश्न सोपा नव्हता. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. घरी जाऊन मी भूगोलाची पुस्तके पुन्हा काढली. त्यातून जे समजले ते येथे सांगतो.

दगड वाढत नाही. पावसाने शेतातली वरची माती वाहून जाते आणि खालचा दगड उघडा पडतो. नांगराचा फाळ लागला की तो वर येतो. म्हणजे दगड वाढला नाही, माती कमी झाली. ती माती गेली कुठे? आषाढात उल्हास नदीच्या पुलावर उभे राहून खाली पाहा. पाणी तांबडे, गढूळ दिसेल. ती आपल्या शेतांतली आणि डोंगरांवरची माती आहे. ती खाडीकडे चालली आहे.

दगड वाढत नाही, पण त्याला जन्म मात्र आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या या मुलखात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. पोटातला दगड उष्णतेने वितळून पातळ झालेला होता. तो त्या भेगांतून बाहेर आला आणि गुळाच्या पाकासारखा चहूकडे पसरला. या पातळ दगडाला लाव्हारस म्हणतात. तो निवाला, थिजला, त्याचा काळा पाषाण झाला. काही काळाने पुन्हा भेग फुटली, पुन्हा रस आला. भाकरीवर भाकरी रचावी तसे थरावर थर चढले. आपला सह्याद्री असा झाला. येथून पार नागपूरपर्यंत बहुतेक हाच दगड आहे.

६ कोटी ६० लाख वर्षे म्हणजे किती? अंबरनाथचे शिवमंदिर आपल्या कॅम्पापासून पायी जाण्याइतके जवळ आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे साल आहे. मंदिराला साडेनऊशेहून अधिक वर्षे झाली. साडेनऊशे वर्षांना दोरीला एक गाठ मारायची, असे ठरवू. तर या दगडाचे वय मोजायला सुमारे सत्तर हजार गाठी माराव्या लागतील!

या थरांच्या खुणा आजही दिसतात. आपल्याकडचे डोंगर लांबून पाहा, जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसतात. एकेक पायरी म्हणजे थरांचा एकेक टप्पा. कोठे डोंगर कापलेला असेल तर दोन काळ्या थरांमध्ये लाल मातीचा पट्टा दिसतो. दोन थरांच्या मधे पुष्कळ वर्षे गेली, तेवढ्यात वरच्या दगडाची माती झाली. मग नवा रस त्यावर आला आणि ती माती विटेसारखी भाजली. काही दगडांना घावनासारखी जाळी असते. रसातली वाफ बाहेर पडताना ती भोके राहिली. पुढे त्यांत पाणी झिरपून पांढरे चमकदार खडे तयार झाले.

सगळेच दगड आगीतून आलेले नाहीत. तुमच्या घरातच पाहा. जाते आणि पाटा-वरवंटा काळ्या पाषाणाचा, म्हणजे लाव्हारसाचा. पायाखालची शहाबादी फरशी मात्र पाण्यातली. चुन्याचा गाळ पाण्याच्या तळाशी थराथराने बसला, दबला आणि त्याचा दगड झाला. म्हणून तिच्या सरळ लाद्या निघतात. असाच चुन्याचा दगड जमिनीत खोल गेला आणि उष्णतेने व दाबाने पालटला, तर त्याचा संगमरवर होतो.

देव्हाऱ्यात शाळिग्राम असेल तर त्यावरचे चक्र निरखून पाहा. शाळिग्राम नेपाळातल्या गंडकी नदीत मिळतो. ते चक्र म्हणजे समुद्रातल्या एका प्राण्याच्या शंखाचा ठसा आहे. समुद्रातला शंख हिमालयात कसा गेला? आज जेथे हिमालय आहे तेथे पूर्वी समुद्र होता. आपला भारत दक्षिणेकडून हळूहळू सरकत आला आणि आशिया खंडाला भिडला. मधल्या समुद्राचा तळ चुरगळून वर उचलला गेला. भारत आजही वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतो आहे. आपली नखे वाढतात साधारण त्या वेगाने. शाळिग्रामाचे मोल यामुळे कमी होते असे मला वाटत नाही. मला तरी तो अधिकच नवलाचा वाटू लागला.

आता पुन्हा अंबरनाथच्या मंदिराकडे येऊ. बाहेरच्या भिंतीवरील कित्येक मूर्तींचे नाक-डोळे झिजले आहेत. इतक्या पावसाळ्यांनी ते पुसले. ऊन, पाऊस आणि झाडांची मुळे दगडाला सोडत नाहीत. कांद्यासारखे त्याचे पापुद्रे सुटतात, त्याचा मुरूम होतो आणि मुरमाची माती होते. आपण भात पिकवतो ती माती पूर्वी दगडच होती.

हे काम फार सावकाश चालते. पण कधी कधी डोंगर एका रात्रीत खाली येतो. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळगडाच्या अंगावरची इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह सापडले. पन्नासहून अधिक माणसे सापडलीच नाहीत. माणसे झोपेत होती.

असे का होते? डोंगरउतारावर वर माती आणि मुरूम असतो, खाली अखंड कातळ. मोठा पाऊस लागून राहिला की पाणी मातीत मुरते. कातळापाशी ते अडते. माती जड होते, तिची पकड सुटते आणि सारा उतार घसरतो. झाडे तोडली किंवा घरासाठी डोंगराचा पायथा खणला, तर धोका वाढतो.

दरड पुष्कळदा आधी खूण देते. घराच्या वरच्या अंगाला जमिनीत नवी भेग पडते. झाडे, खांब कलू लागतात. भिंतीला तडे जातात, दार चौकटीत अडकू लागते. झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते, किंवा नसलेल्या जागी झरा फुटतो. अशी खूण दिसली आणि पाऊस थांबत नसेल, तर उजेड आहे तोवर घर सोडावे. भांडीकुंडी मागाहून आणता येतात. भेग जुनी असेल तर उन्हाळ्यात तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकाव्यात आणि मधले अंतर दोरीने मोजत राहावे. अंतर वाढले तर जमीन हलते आहे असे समजावे आणि तलाठ्याला व तहसीलदाराला लेखी कळवावे.

हा धडा वर्गात वाचला तेव्हा त्याच बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या घरामागं आंब्याजवळ भेग आहे. गेल्या पावसात बोट जायचं. आता हात जातो."

पुढच्या रविवारी आम्ही चौघे-पाचजण तेथे गेलो. भेग आंब्यापासून थेट ओढ्यापर्यंत गेली होती. आम्ही खुंट्या ठोकल्या. तहसीलदाराचा अर्ज बाईंनी स्वतः लिहिला. मी फक्त 'तहसीलदार' हा शब्द सांगितला. खाली अंगठा नव्हता, सही होती.

त्या साली आषाढ लागल्यापासून गणपतीपर्यंत वाडीतली चार कुटुंबे रात्री शाळेत झोपायला जात होती. दरड आली नाही. भेग अजून आहे. बाई दर सोमवारी दोरी घेऊन जातात आणि माप वहीत लिहितात.