ब्रेक ओरडू लागला तर

मालेगावहून भिवंडीला कापडाचे तागे नेताना कसारा घाट उतरावा लागतो. आमच्या जुन्या ओम्नीच्या पुढच्या चाकातून किंचाळी येत होती, ती आम्ही महिनाभर 'धूळ असेल' म्हणून टाळली. माल भरून घाट उतरणाऱ्याने अशी उधारी ठेवू नये.

आधी आवाज ओळखावा. पावसाळ्यात सकाळी दोन-चार वेळा ब्रेक दाबल्यावर खरखर थांबली, तर तो डिस्कवरचा गंज, काळजी नको. बारीक किंचाळी रोजचीच असेल तर पॅड पाहावेत. पुष्कळ पॅडना पत्र्याची जीभ असते, पॅड झिजला की ती डिस्कला घासून शिटी वाजवते. लोखंडावर लोखंड घासल्यासारखे वाटले तर गाडी बाजूला घेऊन तेथेच थांबावे.

चाक काढण्याआधी बाकीच्या चाकांना विटा लावून गाडी स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर कधीही नाही. पॅडचे अस्तर 3 मिलिमीटरहून कमी असेल तर दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदलावेत. अस्तर जाड असूनही ओरड असेल तर बहुधा कॅलिपरच्या पिना सुकलेल्या असतात. कॅलिपर तारेने टांगावा, नळीवर लोंबू देऊ नये. पिनांना ब्रेकचेच ग्रीस लावावे. पॅडच्या तोंडाला किंवा डिस्कला थेंबही लागू नये. धूळ फुंकू नये, जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावी.

मोठी चूक आम्हीच केली. पॅड बसवून पेडल न दाबताच गाडी काढली. पेडल तळाला गेले आणि ओम्नी गोदामाच्या शटरला भिडली. पेडल कडक होईपर्यंत दाबावे, मगच गाडी हलवावी. मागचे ड्रम आम्ही मेकॅनिककडेच देतो.