मनी लाँडरिंग आणि दहशतवादाचा अर्थपुरवठा : प्रतिबंधाची क्षमता

गुन्ह्यातून मिळवलेला पैसा वैध असल्याचे भासवणे म्हणजे मनी लाँडरिंग. दहशतवादाच्या अर्थपुरवठ्याचे स्वरूप याहून वेगळे आहे. तेथे पैसा वैध मार्गाने मिळवलेला आणि रक्कम लहानही असू शकते. हेतू मात्र घातक असतो. म्हणूनच पैशाच्या उगमाबरोबर त्याचा विनियोगही तपासावा लागतो.

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, २००२ हा १ जुलै २००५ पासून अमलात आला. दहशतवादाचा अर्थपुरवठा बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यान्वये दंडनीय आहे. बँका दहा लाख रुपयांवरील रोख व्यवहारांची, तसेच रक्कम कितीही असली तरी संशयास्पद व्यवहारांची माहिती २००४ मध्ये स्थापन झालेल्या वित्तीय गुप्तवार्ता कक्षाला देतात. कक्ष तिचे विश्लेषण करून ती सक्तवसुली संचालनालयासारख्या तपास यंत्रणांकडे सोपवतो.

आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारे वित्तीय कृती दल १९८९ मध्ये स्थापन झाले. भारत २०१० मध्ये त्याचा सदस्य झाला. दलाच्या २०२४ च्या मूल्यमापन अहवालाने भारतीय व्यवस्थेची प्रशंसा केली, परंतु खटले निकाली निघण्यातील विलंबावरही बोट ठेवले. माहिती, तपास आणि शिक्षा या साखळीतील अखेरचा दुवा बळकट झाल्याखेरीज ही क्षमता पूर्णत्वास जाणार नाही.