परदेशातील सराव शिबीर : मुलांच्या शरीराचे कोण ऐकणार?

या वेळी आरोग्य पानावर आपण एका दूरदेशीच्या खेळाचा अभ्यास करणार आहोत. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड या देशांत क्रॉस-कंट्री स्कीइंग हा आपल्याकडच्या कबड्डीसारखा गावोगावचा खेळ आहे. बुटांना लांब, अरुंद स्की अडकवायच्या, दोन्ही हातांत काठ्या घ्यायच्या आणि बर्फावरून पाच, दहा, तीस, पन्नास किलोमीटरचे अंतर कापायचे. डोंगरउतारावरून सुसाट घसरत येण्याचा जो खेळ सिनेमात दिसतो, तो वेगळा. इथे चढही स्वतःच्याच ताकदीने चढायचा असतो. त्यामुळे हात, पाय, पाठ, पोट, हृदय, फुप्फुसे सगळी एकाच वेळी राबतात.

ऑक्टोबरमध्ये या देशांच्या बऱ्याच भागांत अजून पुरेसा बर्फ पडलेला नसतो. म्हणून सोळा ते एकोणीस वयाच्या मुला-मुलींचे संघ प्रशिक्षकांबरोबर आल्प्स पर्वतात सरावाला जातात. कोणी ऑस्ट्रियातील राम्साऊला, कोणी इटलीतील लिविन्योला. घर, आई-वडील, ओळखीचा डॉक्टर सगळे मागे राहते. दोन-तीन आठवडे मुलांचे खाणे, झोपणे, आजारपण आणि औषध शिबिराच्या हातात असते.

आम्ही परिचर्येचे शिक्षण घेऊन आता वस्त्यांतून आरोग्याचे काम करणाऱ्या बायका. या शिबिरांकडे पाहताना आमच्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो : मुलाचे शरीर एक सांगते आणि सरावाचे वेळापत्रक दुसरे, तेव्हा ऐकले कोणाचे जाते? या खेळाने याची उत्तरे मोठी किंमत मोजून शोधली आहेत. ती आपल्याही कामाची आहेत.

१. उंचीवर शरीरात काय होते?

राम्साऊ गाव सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. तिथून तारेवरच्या पाळण्याने डाखश्टाइन हिमनदीवर गेले की सरावाची वाट सुमारे २७०० मीटरवर लागते. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटर. म्हणजे मुले कळसूबाईच्याही हजार मीटर वर जाऊन व्यायाम करतात.

तिथे हवेत ऑक्सिजनचा वाटा तेवढाच असतो, पण हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ७२ टक्केच भरतो. त्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा ऑक्सिजन कमी होतो. नाडी वाढते, धाप लवकर लागते, झोप मोडते. मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक जास्त सोडतात आणि हाडांतील मज्जा जास्त तांबड्या पेशी बनवू लागते. मात्र हा लाभ दोन-चार दिवसांत मिळत नाही. १९९७ साली अमेरिकेत धावपटूंवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात २५०० मीटरवर राहून १२५० मीटरवर सराव करणाऱ्या गटाला फायदा झाला, पण त्यासाठी चार आठवडे लागले. पंधरा दिवसांच्या शिबिरात मुलांना मुख्यतः बर्फावरचा सराव मिळतो, रक्त फारसे वाढत नाही. हे समजले तर पहिल्या दिवसापासून जोर लावण्याची घाई कोणी करणार नाही.

तांबड्या पेशी बनायला लोह लागते. म्हणून शिबिराच्या काही आठवडे आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासतात. शरीरात लोहाचा साठा किती आहे ते फेरिटिनवरून कळते. पाळी येणाऱ्या मुलींसाठी ही तपासणी विशेष गरजेची. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात आणि त्या वेळी चहा टाळावा, कारण चहामुळे लोह नीट शोषले जात नाही.

पहिले तीन-चार दिवस सराव हलका ठेवावा. डोकेदुखीबरोबर मळमळ, उलटी किंवा चक्कर असेल तर त्या मुलाने त्या दिवशी वर जायचे नाही. त्रास वाढला तर लगेच खाली आणायचे. वर सराव करून खाली गावात झोपणे यासाठीच बरे.

२. थंड हवा आणि श्वास

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा आत घेतो. जोरात स्की करताना हीच हवा शंभर लिटरच्या वर जाते. एवढी थंड, कोरडी हवा गरम आणि ओलसर करण्याचे काम नाकाला झेपत नाही. ती तोंडावाटे थेट आत जाते, श्वासनलिकांचे अस्तर सुकते, नलिका आवळतात. मग खोकल्याची उबळ येते, छातीत घरघर होते. १९९३ साली स्वीडनमध्ये अव्वल स्कीपटूंची तपासणी झाली, तेव्हा अर्ध्याहून अधिक जणांत दम्याची लक्षणे आणि अतिसंवेदनशील श्वासनलिका आढळल्या. ही सगळी देशातली सर्वांत दणकट माणसे होती!

आंतरराष्ट्रीय नियमानुसार शर्यतीच्या वाटेवर सर्वांत थंड जागी तापमान उणे २० अंशांखाली गेले तर शर्यत पुढे ढकलतात किंवा रद्द करतात. सरावालाही तशी मर्यादा हवी. श्वासातली ऊब धरून ठेवणारा मुखवटा किंवा तोंडावर गुंडाळलेला रुमाल, आणि अंग हळूहळू तापवणे, यांनी बराच फरक पडतो. ज्याला डॉक्टरांनी पंप दिला आहे, त्याचा पंप बर्फावर जातानाही सोबत असावा, खोलीत राहू नये. "जरा खोकला आहे, चालायचंच" हे वाक्य शिबिरात कोणी बोलू नये. सराव संपल्यावर रोज खोकला येत असेल तर तपासणी हवी.

३. पोट भरले, पण पुरले का?

१९९४ साली स्वीडनच्या स्कीपटूंचा सराव शिबिरातच अभ्यास झाला. स्त्री खेळाडू दिवसाला साधारण ३६०० ते ४८०० कॅलरी आणि पुरुष ६१०० ते ८६०० कॅलरी खर्च करीत होते. बैठे काम करणाऱ्या बाईला दोन हजारांच्या आतच पुरतात. यावरून अंदाज यावा. त्या खेळाडूंनी खर्चाएवढे खाऊन हिशेब जुळवला. पण वाढीच्या वयातल्या मुलांना हे आपोआप जमत नाही. थंडीत तहान मंदावते, थकव्याने भूक मरते, परक्या देशाचे जेवण घशाखाली उतरत नाही. त्यातच 'हलके शरीर चढावर वेगाने जाते' हे कानावर पडले की काही मुली-मुले मुद्दाम कमी खाऊ लागतात.

खर्च जास्त आणि खाणे कमी असे चालू राहिले की शरीर काटकसर सुरू करते. मुलीची पाळी लांबते किंवा थांबते. हाडे ठिसूळ होऊ लागतात, सारखी सर्दी होते, मन चिडचिडे होते, वेगही घटतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या अवस्थेला 'खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता' या अर्थाचे नाव दिले आणि ती मुलग्यांतही होते हे स्पष्ट केले.

"खेळणाऱ्या मुलींची पाळी जातेच" हा समज आपण मनातून काढून टाकू या. तीन महिने पाळी आली नाही किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही सुरू झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. हाडांची भरण बहुतेक विशीपर्यंतच होते. या वयात राहिलेली उणीव पुढे भरून काढणे अवघड जाते.

शिबिरात सराव सुरू होण्याआधी, मध्ये आणि संपल्यावर अर्ध्या तासात खाणे मिळाले पाहिजे. सर्वांसमोर वजन करणे आणि अंगावरून शेरे मारणे बंद. झोप आठ ते दहा तास.

४. ऊन, ओठ आणि एक मलम

बर्फात ऊन कमी लागते असे आपल्याला वाटते. खरे तर दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत किरणे परत अंगावर फेकतो. त्वचा भाजते, ओठ फुटतात. काळा चष्मा नसेल तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. चष्मा, ऊन-रोधक क्रीम आणि ओठांना लावायचे संरक्षक मलम या तीन वस्तू प्रत्येकाच्या खिशात हव्यात.

ओठांवरूनच या खेळातले एक गाजलेले प्रकरण घडले. नॉर्वेची विश्वविजेती तेरेसे योहाऊग २०१६च्या उन्हाळ्यात इटलीत सराव शिबिराला गेली होती. उन्हाने तिचे ओठ भाजले. संघाच्या डॉक्टरांनी लिविन्योच्या औषध दुकानातून एक मलम आणून दिले. त्यात क्लोस्टेबोल हे बंदी असलेले द्रव्य होते आणि खोक्यावर तशी सूचनाही छापलेली होती. तपासणीत ते सापडले. डॉक्टरांनी जबाबदारी स्वीकारली, तरी क्रीडा लवादाने २०१७ साली तिच्यावर एकूण अठरा महिन्यांची बंदी घातली. स्वतः खोके वाचायला हवे होते, हे लवादाचे म्हणणे. २०१८चे ऑलिम्पिक तिच्या हातून गेले. पुढे २०२२ला बीजिंगमध्ये तिने तीन सुवर्णपदके जिंकली, पण गेलेली वर्षे परत आली नाहीत.

अनुभवी, प्रौढ खेळाडूचे असे होत असेल तर सोळा वर्षांच्या मुलीने परक्या भाषेतले खोके कसे वाचावे? म्हणून नेहमीची औषधे घरून न्यावीत, त्यांची यादी डॉक्टरांच्या सहीने सोबत ठेवावी. नवे औषध घेण्यापूर्वी त्यातील द्रव्याचे नाव बंदीच्या यादीशी ताडून पाहावे. आणि मुलांना लहानपणापासून सवय लावावी : औषध कोणीही दिले तरी "यात काय आहे?" हे विचारायचे. मोठ्यांना असा प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

५. ताप असताना सराव नाही

नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलातून धावण्याचा ओरिएंटीअरिंग हा खेळ स्वीडनमध्ये लोकप्रिय आहे. १९७९ ते १९९२ या काळात त्यातले १६ तरुण खेळाडू अचानक हृदय थांबून दगावले. त्यांतील अनेकांच्या हृदयाच्या स्नायूला सूज असल्याचे आढळले. त्यानंतर सरावाच्या सवयी बदलण्यावर, विशेषतः आजारपणात सराव न करण्यावर, भर दिला गेला. पुढची काही वर्षे असा मृत्यू नोंदला गेला नाही.

शिबिरात एका खोलीत तिघे-चौघे झोपतात, एका ताटातले खातात, एका बाटलीने पाणी पितात. एकाची सर्दी आठवड्यात सर्वांना होते. म्हणून प्रत्येकाची बाटली वेगळी असावी, जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत, आजाऱ्याला वेगळी खोली द्यावी. ताप, अंगदुखी, छातीत दुखणे किंवा धडधड असेल तर सराव पूर्ण बंद. सकाळी उठल्याबरोबर एक मिनिट नाडी मोजून वहीत लिहावी. नेहमीपेक्षा दहा-एक ठोके जास्त असतील तर तो दिवस विश्रांतीचा. ही तपासणी फुकट होते आणि कोणालाही शिकता येते.

६. सांगितले तर जागा जाईल का?

वरचे सगळे नियम एका ठिकाणी येऊन अडतात. मुलाला दुखते आहे हे बाहेरून दिसत नाही, त्याने सांगावे लागते. आणि सांगितले की संघातली जागा जाईल अशी भीती असली, तर ते सांगणार नाही. घरी पैशांची ओढाताण करून पाठवलेले मूल तर मुळीच सांगणार नाही.

स्वीडनच्या फ्रिडा कार्ल्सनने २०१९ साली, १९व्या वर्षी, सीफेल्डच्या जागतिक स्पर्धेत एक सुवर्ण, एक रौप्य आणि एक कांस्य मिळवले. त्याच वर्षअखेरीस संघानेच प्रकृतीच्या कारणावरून तिला काही काळ शर्यतींपासून दूर ठेवले. देशाची नवी आशा असलेल्या खेळाडूला थांबवणे सोपे नसते. पण २०२१च्या जागतिक स्पर्धेत तिने पुन्हा पदके जिंकली. थांबायला लावणे म्हणजे काढून टाकणे नव्हे, हे मुलांना अशा उदाहरणांतून दाखवावे.

त्यासाठी शिबिरात तीन गोष्टी हव्यात. संघात कोणाला घ्यायचे हे ठरवणारा आणि तब्येत विचारणारा माणूस वेगळा असावा. मुली असतील तर सोबत एक जाणती बाई असावी, पाळीबद्दल तिच्याशी बोलता यावे. आणि मुलांना घरी रोज, एकांतात फोन करता यावा.

आपल्या मुलांसाठी

भारतातही गुलमर्ग आणि औलीला स्कीइंगची शिबिरे होतात. पण आपली बहुतेक मुले क्रीडा प्रबोधिनीत, कबड्डीच्या किंवा धावण्याच्या शिबिरात जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी आहेत. मग तपासणीची गरज आपल्याला अधिक आहे. मूल शिबिराला निघण्यापूर्वी पालकांनी एवढे पाहावे :

- हिमोग्लोबिन तपासले का?
- दमा, फिट, ॲलर्जी, चालू औषधे हे सर्व लिहून दिले का?
- दिवसातून किती वेळा आणि काय खायला मिळणार?
- आजारी पडल्यास कोण पाहणार, दवाखाना किती दूर?
- मुलींसोबत बाई आहे का? पॅड आणि स्वच्छतागृहाची सोय काय?
- आजारपणामुळे सराव चुकला तर जागा जाणार नाही, हे प्रशिक्षकांनी मुलांसमोर सांगितले का?

शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. तो जरूर विचारा. "आमची पोरगी तुमच्या भरवशावर आहे" असे म्हणून गप्प बसू नका. विचारणारे पालक असले की शिबिरही नीट चालते, हे आम्ही पाहिले आहे.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या वस्तीतील खेळणाऱ्या मुलींपैकी कितीजणी पाळीबद्दल प्रशिक्षकांशी बोलू शकतात? त्यासाठी काय करता येईल?
२. योहाऊगच्या प्रकरणात डॉक्टर, खेळाडू आणि संघ यांची जबाबदारी कशी वाटावी?
३. घरातील प्रत्येकाने सात दिवस सकाळची नाडी मोजून लिहा. पुढच्या बैठकीत वह्या घेऊन या.