मीटर पडण्याआधी

*आमचा पाच जणांचा बँड आहे : दोन गिटार, बेस, ड्रम आणि गायिका. पुण्यात एका दिवसासाठी, आठ तासांचा स्टुडिओ घेतला आहे. चार गाणी करायची आहेत. बीटल्सनी एका दिवसात दहा केली होती, मग आम्हाला चार का जमू नयेत? — सांगली*

बीटल्सची गोष्ट खरी आहे. 11 फेब्रुवारी 1963 रोजी लंडनच्या ईएमआय स्टुडिओत त्यांनी पहिल्या अल्बमची दहा गाणी एका दिवसात उरकली. पण त्याआधी हॅम्बुर्गच्या क्लबांत आणि लिव्हरपूलच्या कॅव्हर्नमध्ये रात्रीमागून रात्री वाजवून त्यांचे हात बसले होते. तुमची गाणी लोकांसमोर किती वेळा झाली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून मी दोनच गाणी धरतो.

हिशेब बघा. ड्रमला माईक लावून आवाज बसवण्यात दीड-दोन तास जातात. जेवण, चहा आणि ‘ती केबल कुठंय’ यात आणखी एक तास. हातात उरतात पाच. त्यात गाणं वाजवायचं असतं, ठरवायचं नसतं. मी पाहिलेले निम्मे बँड स्टुडिओत येऊन दुसऱ्या अंतऱ्यानंतर किती आवर्तनं थांबायचं यावर भांडतात, आणि बाहेर मीटर पडत असतं.

तेव्हा आजच खोलीच्या मधोमध मोबाइल ठेवा, गाणं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी एकत्र बसून ऐका. त्याच रात्री ऐकलंत तर सगळं छानच वाटतं. ऐकताना प्रत्येकाने फक्त स्वतःकडे कान द्यायचा. मग खरी परीक्षा : एकेकाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपला भाग एकट्याने, हेडफोनमध्ये क्लिक लावून वाजवायचा. बेसवाला इथे हमखास अडखळतो, कारण आजवर तो ड्रमरच्या पायाकडे बघून वाजवत आलेला असतो. स्टुडिओत ड्रमर काचेपलीकडे असेल.

लय आकड्यात लिहून ठेवा. घरी 104 वर बसवलेलं गाणं उत्साहात 110 वर जातं. चार मिनिटांचं गाणं तेवढ्याने 13 सेकंद आधी संपतं, आणि गायिकेला श्वास घ्यायला जागा राहत नाही. शब्द तिच्या तोंडात बसतात ती लय खरी, गिटारच्या तुकड्याला सोयीची ती नव्हे. एका कागदावर मुखडा, अंतरा, मधला तुकडा आणि प्रत्येकाच्या मात्रा लिहा. एक प्रत रेकॉर्डिस्टला द्या; तो तुम्हाला दुवा देईल.

शेवटही ठरवा. शेवटच्या झांजेची आस पूर्ण विरेपर्यंत कोणी हलायचं नाही. एका अप्रतिम टेकच्या शेपटीवर ‘झालं का रे?’ असा प्रश्न माझ्याकडे कायमचा मुद्रित आहे.

सामानाबद्दल थोडक्यात. गिटारच्या तारा एक-दोन दिवस आधी बदला. त्याच सकाळी बदलल्या तर दिवसभर उतरत राहतील. ड्रमच्या पेडलला तेल घाला. स्टेजवर ती करकर कोणाला ऐकू येत नाही, माईकला येते. जादा तारा, स्टिक, गिटारच्या पेडलचे सेल सोबत असू द्या. कडी, बांगड्या, खिशातली चिल्लर बाहेर काढून ठेवा. मित्रमंडळींनाही बाहेरच ठेवा.

*आमचं बारा जणांचं भजनी मंडळ आहे. स्टुडिओवाले म्हणतात, क्लिक लावून पखवाज, पेटी, टाळ, कोरस वेगवेगळे घेऊ. हे योग्य आहे का? — सावंतवाडी*

बुवा, नाही. स्टुडिओवाल्याची सोय मला कळते : वेगळं घेतलं की चूक वेगळी दुरुस्त करता येते. पण तुमच्या गजराची लय चढत जाते, आणि ती पखवाजवाला आणि टाळकरी एकमेकांच्या तोंडाकडे बघून चढवतात. ठोक्याच्या दोरीला बांधलंत तर भजनाची कवायत होईल. सगळे एकत्र बसा, एकत्र वाजवा. त्यासाठी मोठी खोली असलेला स्टुडिओ शोधा. तसा मिळाला नाही तर रेकॉर्डिस्टलाच सामानासह देवळाच्या सभामंडपात रात्री उशिरा बोलवा. पंखे बंद, फ्रिज बंद, कुत्र्यांची सोय बघा.

याची किंमत एकच : मध्ये कोणी चुकलं तर सगळ्यांनी पुन्हा. टाळाचा आवाज इतका टोकदार असतो की तो बुवांच्या माईकमध्येही शिरतो. मग गळा नंतर वेगळा घेऊन चिकटवता येत नाही. म्हणून टाळाच्या दोनच जोड्या ठेवा, त्याही बुवांपासून लांब. बाकी टाळकऱ्यांनी त्या दिवशी कोरस धरावा. ते रुसतील. त्यांची समजूत आदल्या आठवड्यात घाला, स्टुडिओच्या दारात नको.

पट्टीचं आधी बघा. पेटी ऐनवेळी सुरात लावता येत नाही, म्हणून बाकीच्यांनी पेटीला मिळायचं. दोन पेट्या असतील तर दोन्हींचा सा एकत्र धरून ऐका. लाट आल्यासारखा आवाज हलला तर एकच पेटी न्या. भात्याची फसफस आणि पट्ट्यांची खटखट आधी दुरुस्त करून घ्या. कोकणातल्या दमट हवेत पखवाजाची पुडी उतरते आणि एसीच्या कोरड्या हवेत चढते. त्यामुळे वाद्य तासभर आधी खोलीत ठेवा, मग हातोडी उचला. धुमावरची कणीक सुकली की बोल बदलतो. ताजी मळून घ्या आणि दर दोन टेकनंतर तपासा.

देवळात पंधरा मिनिटं रंगणारा अभंग घरी बसून ऐकणारा पंधरा मिनिटं ऐकेलच असं नाही. गायिका गौहर जान यांनी 1902 मध्ये कलकत्त्यात जेमतेम तीन मिनिटांच्या तबकडीत गाणं बसवलं होतं. तुमच्यावर तशी सक्ती नाही, पण सहा-सात मिनिटांचा आराखडा करून या : किती आलाप, किती वेळा ध्रुपद, गजर कुठे सुरू.

*रेकॉर्डिंगआधी मुलीला दही, लिंबू बंद करू का? — नागपूर*

तिला एरवी त्रास होत नसेल तर बंद करून काय मिळणार? आदल्या रात्री झोप आणि दिवसभर पाणी, एवढं सांभाळा. गाडीत मोठ्याने गप्पा नकोत. वरच्या पट्टीतलं, गळा ताणणारं गाणं शेवटी ठेवा. बीटल्सनी ‘ट्विस्ट अँड शाउट’ त्या दिवशी शेवटी घेतलं होतं, कारण लेननला सर्दी होती आणि त्यानंतर त्याचा आवाज उरणार नव्हता. आणि आई-बाबांनी काचेमागून हातवारे करू नयेत.

*जुनं चित्रपटगीत आमच्या ढंगात वाजवून प्रसिद्ध केलं तर परवानगी लागते का? — ठाणे*

लागते. तुमचं वादन तुमचं असलं तरी शब्द आणि चाल तुमची नाही. भारतीय कायद्यात कवीच्या आणि संगीतकाराच्या कृतीचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं झाली असली तर नवी आवृत्ती करण्याची तरतूद कायद्यात आहे, पण तीही आधी नोटीस आणि रॉयल्टी देऊन. तुकोबांच्या शब्दांवर आज कोणाचा हक्क नाही. त्यांना विसाव्या शतकातल्या संगीतकाराने दिलेल्या चालीवर असू शकतो. हा पत्रव्यवहार स्टुडिओ ठरवण्याआधी करा. गाणं तयार होऊन पडून राहिलेले बँड मी पाहिलेत.

*स्टुडिओतून निघताना काय मागून घ्यायचं? — कोल्हापूर*

प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक, 24 बिट डब्ल्यूएव्हीमध्ये, सगळे एकाच बिंदूपासून सुरू होणारे. एमपी3 फक्त घरी ऐकायला. कोणत्या टेकचा कोणता भाग आवडला, ते तिथेच कागदावर उतरवा. आठवड्याने काही आठवत नाही. उमेदवारीच्या काळात मी एका दिवसाचं काम एकाच डिस्कवर ठेवलं होतं आणि ती डिस्क रात्रीत गेली. त्या मंडळींना परत बोलावण्याचा फोन मलाच करावा लागला. तेव्हा येताना दोन हार्ड डिस्क आणा, दोन्हींवर सगळं उतरवून घ्या आणि तिथेच एकेक फाइल उघडून ऐकल्याशिवाय गाडीत बसू नका.