फुट्सक्रे सेफ आहे का? : लाखामागच्या एका आकड्याचा अभ्यास

ऑस्ट्रेलिया म्हटलं की आपल्या होस्टेलवर दोनच विषय निघतात, क्रिकेट आणि पी.आर. तिसरा विषय घरून फोन आला की निघतो : "तिकडे आपल्या मुलांना मारतात म्हणे!" यंदा आमच्या विंगमधल्या दोघांना मेलबर्नच्या विद्यापीठांची ऑफर लेटर्स आली आणि खोली कुठे घ्यायची यावर रात्र-रात्र चर्चा सुरू झाली. यादीत फुट्सक्रे हे नाव होतं. एकाच्या काकांनी लगेच सांगितलं, "तिथला क्राइम रेट फार आहे, तिकडे अजिबात जायचं नाही." आता काकांशी वाद घालणार कोण? पण ‘क्राइम रेट फार आहे’ म्हणजे नक्की काय आहे, हे शोधायला मी बसलो आणि चार रविवार त्यात गेले. सबमिशनसाठीसुद्धा मी इतकं वाचत नाही.

आधी भूगोल. आपल्याकडे उपनगर म्हटलं की अंधेरी-बोरिवली डोळ्यांपुढे येतं. मेलबर्नचं ‘सबर्ब’ त्या मानाने फारच छोटं, आपल्या पुण्यातल्या एखाद्या पेठेसारखं. फुट्सक्रे हे शहराच्या मध्यापासून पाच-सहा किलोमीटर पश्चिमेला, मॅरिबर्नाँग नदीच्या काठी आहे. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १७ हजार, म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावापेक्षाही कमी. एके काळी हा कारखान्यांचा आणि कामगारांचा भाग. कारखाने बंद पडत गेले, १९७५ नंतर व्हिएतनामी निर्वासित आले, मग आफ्रिकेतून लोक आले. पलीकडच्या वेस्ट फुट्सक्रेमध्ये बार्कली स्ट्रीटवर आता आपली किराणा दुकानं आणि डोसा सेंटर्स आहेत. १९९० च्या दशकात इथे हेरॉइनचा उघड धंदा चालायचा, त्यामुळे नाव खराब झालं. आणि नाव एकदा खराब झालं की काय होतं, हे ज्यांच्यावर एकदा रॅगिंगचा आळ आला त्या विंगला विचारा!

आता तो रेट. गुन्ह्यांचा दर म्हणजे वर्षभरात नोंदलेले गुन्हे भागिले तिथली लोकसंख्या, गुणिले एक लाख. (तिकडचे लोक ‘हंड्रेड थाउजंड’ म्हणतात, आपल्याकडे त्याला आयता शब्द आहे.) फॉर्म्युला सातवीतला मुलगासुद्धा सोडवेल. घोटाळा आहे तो अंशात आणि छेदात काय भरलंय यात.

छेद आधी घेऊ. छेदात कोण असतात? तिथे रात्री झोपणारे, म्हणजे रहिवासी. पण फुट्सक्रे स्टेशनवर वेरिबी, सनबरी आणि विल्यम्सटाउन या तिन्ही लाइनी एकत्र येतात, शिवाय बाहेरगावच्या गाड्याही थांबतात. बाजार आहे, विद्यापीठाचे कॅम्पस आहेत. दिवसभरात येऊन-जाऊन करणारी ही गर्दी छेदात कुठेच नाही. तिच्यातल्या कोणाचा खिसा कापला गेला तर तो अंशात मात्र लगेच जमा! फुट्सक्रे ज्या नगरपालिकेत येतं त्या मॅरिबर्नाँगचीही तीच गत. तिची वस्ती २०२१ मध्ये साधारण ८५ हजार, आणि तिच्याच हद्दीत हायपॉइंट नावाचा अवाढव्य मॉल. मॉलमध्ये कोणी चोरून जीन्स पळवली की पालिकेचा दर वाढला. त्या जीन्समुळे स्टेशनवरून खोलीवर चालत जाणाऱ्या मुलाचा धोका किती वाढला? काहीच नाही. न्यू साउथ वेल्समध्ये १९६९ पासून गुन्ह्यांच्या आकडेवारीसाठी वेगळं खातं आहे. ते स्वतःच बजावतं, की जिथे रहिवाशांच्या मानाने पाहुणे जास्त तिथला दर जपून वाचा, आणि ३००० पेक्षा कमी वस्तीच्या पालिकेचा तर ते दरच काढत नाही.

३००० ची मर्यादा का, हे एम-थ्रीमध्ये पॉयसन डिस्ट्रिब्युशन शिकलेल्यांना लगेच कळेल (पास झालेल्यांना तरी!). एक काल्पनिक उदाहरण घ्या. १५०० वस्तीच्या एका सबर्बमध्ये वर्षात ६ लुटी झाल्या. दर निघाला लाखामागे ४००. दुसऱ्या १७ हजार वस्तीच्या सबर्बमध्ये ३४ झाल्या. दर लाखामागे २००. पहिलं दुप्पट धोकादायक? पॉयसनमध्ये स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे सरासरीचं वर्गमूळ. ६ चं वर्गमूळ जवळजवळ अडीच. म्हणजे काहीही न बदलता पुढच्या वर्षी ४ किंवा ८ लुटी होऊ शकतात. ८ झाल्या की पेपरवाला लिहिणार ‘लुटींमध्ये ३३ टक्के वाढ’, आणि ४ झाल्या की पोलीस म्हणणार ‘आम्ही ३३ टक्के घट घडवली’. दोघेही खोटं बोलत नाहीत, आणि दोघांच्याही बोलण्यात दम नाही. प्रत्यक्षात चढउतार वर्गमूळापेक्षाही जास्त असतो, कारण लुटी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. एकच टोळी एका आठवड्यात पाच जणांना गाठते.

आता अंश. व्हिक्टोरिया राज्यात गुन्ह्यांची मोजणी दोन प्रकारे छापतात. एक ‘घटना’ आणि दुसरी ‘गुन्हे’. एकाच घटनेत मारहाण, धमकी आणि चोरी झाली तर घटना एक आणि गुन्हे तीन. कोणी कोणता आकडा उचललाय ते पाहिल्याशिवाय तुलना करूच नये. दुसरं म्हणजे या राज्यात नोंदल्या जाणाऱ्या गुन्ह्यांत मोठा वाटा गाडीतून वस्तू चोरण्याचा, दुकानातल्या चोरीचा आणि कौटुंबिक हिंसेतल्या कोर्टाच्या मनाईहुकुमाचा भंग करण्याचा असतो. हा शेवटचा प्रकार गंभीरच आहे, पण तो घराच्या चार भिंतींत घडतो. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडून असलेल्या धोक्याशी त्याचा संबंध नाही. उलट बायका धीर करून तक्रार द्यायला लागल्या की दर वाढतो. हे वाढणं वाईट म्हणायचं का?

आणि जे नोंदलंच जात नाही त्याचं काय? त्यासाठी ऑस्ट्रेलियाचं सांख्यिकी खातं २००८-०९ पासून दरवर्षी लोकांनाच विचारतं, की वर्षभरात तुमच्या बाबतीत काय घडलं आणि तुम्ही पोलिसांना सांगितलं का. गाडी चोरीला गेली तर जवळपास सगळे सांगतात, कारण विमा हवा असतो. मारहाण झाली तर साधारण निम्मेच सांगतात. म्हणजे पोलिसांच्या आकड्यात मारहाण मुळातच अर्धी दिसते.

आकडा कसा वापरला जातो, त्याचाही एक किस्सा आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये व्हिक्टोरियात निवडणूक होती. त्याच्या आधी, ऑक्टोबरच्या अखेरीस पोलिसांनी जाहीर केलं, की मेलबर्नच्या मध्यवर्ती भागात रस्त्यावरची मारहाण २७.५ टक्क्यांनी घटली. पुढे लोकपालांनी चौकशी केली. जून २०११ च्या अहवालात ही आकडेवारी अपुऱ्या माहितीवर आधारलेली आणि दिशाभूल करणारी ठरली. त्याच महिन्यात पोलीस आयुक्त सायमन ओव्हरलँड यांनी राजीनामा दिला. २०१५ पासून आकडे छापण्याचं काम पोलिसांकडे नाही, क्राइम स्टॅटिस्टिक्स एजन्सी या वेगळ्या संस्थेकडे आहे. मला ही गोष्ट फार आवडली. ज्याची परीक्षा आहे त्यानेच पेपर तपासायचा नाही, हे त्यांना कळायला एक राजीनामा लागला.

आता काकांच्या मूळ मुद्द्याकडे येतो, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २००९ मध्ये मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर एकामागून एक हल्ले झाले. ३१ मे २००९ ला हजारो मुलं फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनबाहेर रस्त्यावर बसली. २ जानेवारी २०१० च्या रात्री फुट्सक्रेच्या शेजारीच यारव्हिलमध्ये एका बागेतून कामावर निघालेल्या एकवीस वर्षांच्या पंजाबी मुलाचा भोसकून खून झाला. तो एका बर्गरच्या दुकानात रात्रपाळी करायचा. आपल्या वयाचा होता.

त्या काळात एक आकडा सगळीकडे फिरला. व्हिक्टोरियात लूट आणि मारहाणीला बळी पडलेले भारतीय वंशाचे लोक २००६-०७ मध्ये १०८२, आणि २००७-०८ मध्ये १४४७. वाढ सुमारे ३४ टक्के. भयंकर! पण छेद? त्याच काळात ऑस्ट्रेलियात जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या याहूनही वेगाने वाढत होती. २००९ मध्ये ती एक लाखाच्या वर गेली. शिवाय ‘भारतीय वंशाचा’ हे पोलीस चेहरा पाहून लिहीत, आणि त्यात विद्यार्थी नसलेलेही आले. थोडक्यात, त्या ३४ टक्क्यांवरून विद्यार्थ्याचा धोका वाढला असंही म्हणता येत नाही आणि कमी झाला असंही नाही.

हे कोडं थोडं सोडवलं ते ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिमिनॉलॉजीने. त्यांनी २००५ ते २००९ या काळातल्या भारत, चीन, कोरिया, मलेशिया आणि अमेरिका या पाच देशांच्या चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या व्हिसा नोंदी घेतल्या आणि त्या पोलिसांच्या नोंदींशी जुळवल्या. म्हणजे अंशही विद्यार्थी आणि छेदही विद्यार्थी. २०११ मध्ये अहवाल आला. मारहाणीचा दर भारतीय विद्यार्थ्यांसाठी तिथल्या सामान्य लोकांच्या बरोबरीचा किंवा कमी निघाला. लुटीचा दर मात्र मोठ्या राज्यांत बहुतेक वर्षी जास्त निघाला. आणि या लुटींतला बराच भाग घडला होता तो पेट्रोल पंप, छोटी दुकानं, टॅक्सी अशा ठिकाणी. म्हणजे जिथे आपली मुलं रात्री एकटी कामाला होती तिथे.

त्यात वर्णद्वेष नव्हता, असं मात्र या अहवालातून निघत नाही. हेतू काय होता हे त्या नोंदींतून कळूच शकत नव्हतं. काही हल्ल्यांत वर्णद्वेष होता हे पुढे पोलिसांनीही मान्य केलं. पण त्याआधी, २००९ च्या सुरुवातीला, पोलिसांकडून सल्ला काय मिळाला होता? ट्रेनमध्ये आपल्या भाषेत मोठ्याने बोलू नका, आयपॉड-लॅपटॉप दाखवत फिरू नका! मला याचा अजूनही राग येतो. सावध राहा म्हणणं वेगळं, आणि मार खाणाऱ्यालाच ‘तू मराठीत का बोललास’ विचारणं वेगळं.

तर माझ्या वाचनावरून प्रश्न ‘कोणता सबर्ब?’ यापेक्षा ‘किती वाजता, कसा, आणि कशासाठी?’ असा विचारायला हवा. त्या काळी आपली मुलं पश्चिमेकडच्या सबर्बमध्ये राहत होती कारण भाडं कमी. भाडं भरायला रात्रपाळी. रात्रपाळी सुटली की शेवटच्या ट्रेनने यायचं, आणि स्टेशनपासून खोलीपर्यंत पायी, कारण गाडी नाही. नकाशावर एकच लाल ठिपका दिसतो, त्याच्यामागे एवढी साखळी असते.

साखळी कुठेतरी तोडता येते, याचं चांगलं उदाहरण टॅक्सीचं आहे. एप्रिल २००८ मध्ये मेलबर्नला एका भारतीय टॅक्सीचालकाला भोसकल्यावर शेकडो चालकांनी भर चौक अडवून धरला. त्यानंतर गाड्यांत चालकाभोवती संरक्षक पडदा आणि रात्री १० ते पहाटे ५ भाडं आधी घेणं, असे नियम आले. भाडं आधी मिळालं की पळून जाण्यावरून होणारी मारामारी मुळातच संपते. याला म्हणतात डिझाइन! २०१२ पासून स्टेशनांवर संध्याकाळी सहानंतर सुरक्षा अधिकारी नेमायला सुरुवात झाली, तेही याच विचाराने.

जाणाऱ्यांसाठी कामाच्या दोन गोष्टी. मेलबर्नमध्ये रात्रभर ट्रेन धावतात त्या फक्त शुक्रवारी आणि शनिवारी, २०१६ पासून. मंगळवारी रात्री दीडला सुटणारी शिफ्ट घेतलीत तर घरी कसं यायचं हे होकार देण्याआधी ठरवा, आणि खोली बघायला गेलात तर दुपारी न जाता रात्री दहाला स्टेशनपासून चालून बघा. दुसरी गोष्ट व्हिसाची. शिकत असताना कामाची मर्यादा २००९ मध्ये आठवड्याला २० तास होती, जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास आहे. मर्यादेबाहेर, रोख पैशांवर काम करणारा मुलगा लुटला गेला तर तो पोलिसांत जायला कचरतो, व्हिसा जाईल म्हणून. मालकाला हे माहीत असतं, कधी कधी लुटणाऱ्यालाही. म्हणून तास मर्यादेत ठेवा आणि पगार बँकेत घ्या. काही झालंच तर तातडीसाठी ०००, आणि चोरी वगैरे नंतर कळवायची असेल तर व्हिक्टोरिया पोलिसांचा १३१ ४४४. दोन्ही नंबर विमानात बसण्याआधीच फोनमध्ये टाकून ठेवा.