घटक ७ : मौखिक सामग्रीचे ध्वनिमुद्रण आणि संपादन

७.१ प्रस्तावना

लोकगीताची संहिता कागदावर येण्यापूर्वी कोणाच्या तरी कंठात असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आणि त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. लिहून घेतलेल्या ओवीतून शब्द कळतात. गाणारीने ओळ कोठे लांबवली आणि श्वास कोठे घेतला, हे मात्र ऐकूनच कळते. असे मुद्रण आता आपल्यालाही घरच्या घरी करता येते. त्यासाठी या घटकात आपण ऑडॅसिटी ही संगणक-प्रणाली वापरणार आहोत. २००० साली खुली झालेली ही प्रणाली विनामूल्य असून तिची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता आणि बदलता येते. म्हणून तिला मुक्तस्रोत म्हणतात. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ती चालते.

७.२ मुद्रण

मुद्रणाचा दर्जा यंत्रापेक्षा खोलीवर अधिक अवलंबून असतो. उघड्या भिंती आणि फरशी यांमुळे आवाज घुमतो. गाद्या, गोधड्या, कपड्यांचे कपाट असलेली लहान खोली उत्तम. पंखा आणि फ्रिज बंद करावेत (फ्रिज नंतर आठवणीने सुरू करावा!). मायक्रोफोन तोंडापासून साधारण एक वीत अंतरावर, किंचित बाजूला ठेवावा. अगदी समोर ठेवल्यास ‘ख’, ‘फ’, ‘भ’ यांसारख्या महाप्राण वर्णांचा श्वास त्यावर आदळतो.

आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या क्षणीही उणे ६ डेसिबलच्या आसपास राहावी. शून्याला भिडलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पुढे कोणत्याही साधनाने पूर्ववत होत नाही. उलट, थोडा हलका आवाज नंतर वाढवता येतो. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट हे प्रमाण आपल्या कामास पुरेसे आहे. एकेरी म्हणजे मोनो मुद्रणाच्या एका मिनिटाला सुमारे ५ एमबी जागा लागते.

बोलणाऱ्या व्यक्तीची संमती, तिचे नाव, गाव आणि दिनांक आरंभीच मुद्रित करावेत. त्यानंतर अर्धा मिनिट कोणीही काही न बोलता खोलीची शांतता मुद्रित करावी. तिचा उपयोग पुढे दिसेल.

७.३ गोंगाट कशाला म्हणावे?

ऑडॅसिटीतील ‘नॉइज रिडक्शन’ दोन टप्प्यांत काम करते. प्रथम शांततेचा तो अर्धा मिनिट निवडून प्रणालीला गोंगाटाचा नमुना दाखवायचा. मग संपूर्ण मुद्रण निवडून तो गोंगाट कमी करायचा. कृती सोपी आहे. निर्णय मात्र सोपा नाही. आजी जाते ओढत ओवी म्हणत असतील, तर जात्याची घरघर हा गोंगाट आहे काय? ओवीची लय त्या फिरण्याशी बांधलेली असते. ती घरघर पुसली, तर गीताचा संदर्भच पुसला जातो. पंख्याची घरघर काढावी, जात्याची राखावी. हा भेद प्रणालीला कळत नाही. तो अभ्यासकालाच करावा लागतो.

दुसरा धोका भाषेचा आहे. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, या दोन शब्दांतील ‘ज’ लिपीत एकच, पण उच्चारात भिन्न आहे. असे सूक्ष्म भेद घर्षणाच्या उच्च स्वरांत असतात आणि अतिरेकी सफाईत प्रथम तेच झिजतात. यावर एक चांगला उपाय आहे. याच साधनात ‘रेसिड्यू’ हा पर्याय निवडल्यास काय काढून टाकले जाणार आहे तेवढेच ऐकू येते. त्या टाकाऊ भागात शब्द उमटत असतील, तर सफाईचे प्रमाण कमी करावे.

७.४ संपादन

नभोवाणीच्या कार्यक्रमासाठी अडखळणे, खोकला, लांबलेले विराम कापले जातात, आणि ते योग्यच आहे. बोलीच्या अभ्यासात मात्र ‘पाणी’ऐवजी आलेले ‘पानी’, मधेच आलेले ‘बगा’, आठवताना घेतलेला विराम हीच सामग्री असते. म्हणून मूळ मुद्रण वेव्ह स्वरूपात स्वतंत्र जपावे, त्यावर कधीही काम करू नये आणि संपादन केवळ प्रतीवर करावे. ऑडॅसिटीची प्रकल्प-फाईल मुख्यतः त्याच प्रणालीत उघडते, त्यामुळे ती जतनासाठी पुरेशी नाही. एमपी३ प्रत मित्रांना पाठवण्यास सोयीची असली, तरी आकार लहान करताना तिच्यातील काही ध्वनितपशील कायमचा गळतो.

लिप्यंतर करताना कंट्रोल आणि बी या कळा एकत्र दाबून हव्या त्या जागी खूणचिठ्ठी लावता येते. या सर्व खुणा वेळेसह मजकूर-फाईल म्हणून बाहेर काढता येतात. कोणती ओवी कोणत्या सेकंदाला आहे, याची सूची आपोआप तयार होते.

स्वयं-अध्ययनासाठी

१. आपल्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीकडून तिच्या बोलीतील पाच मिनिटांची हकीकत संमतीने मुद्रित करा. तिच्या दोन प्रती करा : एक ऐकवण्यासाठी, एक बोली-अभ्यासासाठी. पहिलीतून जे कापले, त्याची यादी कारणांसह लिहा.

२. त्या मुद्रणातील पार्श्वध्वनींपैकी कोणते राखाल आणि का?