गरुडाला न शोभणारं क्रियापद

चि. मुक्ता,


तुझा इंग्रजी अनुवाद वाचला. मूळ कथेत गरुड दरीवर घिरट्या घालतो, तुझा ‘फ्लिट’ करतो. कोशात ‘चपळपणे, हलकेच जाणे’ एवढं पाहून शब्द उचललास ना? क्रियापद घेण्याआधी ते कोणाला शोभतं, हे बघत जा.

फ्लिट करावं ते शिंजीराने, नाचण पक्ष्याने, फुलपाखराने, फार तर तिन्हीसांजेच्या वटवाघळाने. अंग हलकं हवं, पल्ला आखूड हवा आणि बूड एका जागी टिकता कामा नये. शिंजीर जास्वंदीवर जेमतेम टेकतो की निघाला पुढच्या फुलाकडे. म्हणून या अकर्मक क्रियापदाच्या पाठोपाठ ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ची जोडी येते, नाहीतर ‘अक्रॉस’, ‘अबाउट’. जागच्या जागी पंखांची फडफड असेल तर ‘फ्लटर’. पाल नेम धरून किड्यावर झेपावते, तो ‘डार्ट’. तुझ्या गरुडाला ‘सर्कल’ पुरे.

एवढ्या हलक्या शब्दाचं मूळ मात्र ओझ्यात आहे. जुन्या नॉर्स भाषेत तो ‘वाहून नेणे’ या अर्थाचा होता. स्कॉटलंडात नि उत्तर इंग्लंडात आजही फ्लिट म्हणजे बिऱ्हाड हलवणं, आणि ‘मूनलाइट फ्लिट’ म्हणजे भाडं थकवून रातोरात पोबारा! हा अर्थ ठाऊक नसेल, तर तिकडच्या कादंबरीतलं भांडीकुंडी घेऊन निघालेलं कुटुंब तू फुलपाखरासारखं उडवशील.

एडगर ॲलन पोची ‘द रेव्हन’ (१८४५) काढून वाच. तिथे हे क्रियापद नकारार्थी येतं. पक्षी दारावरच्या पुतळ्यावर बसतो तो बसतोच. उडून जायला हवा तो जात नाही, म्हणूनच ती कविता अंगावर येते.

(आपली आजी डासांवर ‘फ्लिट मार’ म्हणायची, ते वेगळं. ते १९२३च्या सुमारास आलेल्या अमेरिकन कीटकनाशकाचं नाव. डॉ. स्यूस त्याच्या जाहिरातींची चित्रं काढत.)

हसू चेहऱ्यावरून फ्लिट होतं, विचार मनातून होतो. मराठीत आणताना मात्र सगळीकडे ‘भिरभिरणे’ लावू नकोस; हसू तरळून जातं, विचार चमकून जातो. आणि तुझ्या तिसऱ्या प्रकरणात म्हातारीची नजर खोलीभर भिरभिरते ना, तिथे तू ‘लुक्ड’ लिहिलं आहेस. ते खोड आणि तिथे खुशाल फ्लिट वापर.

तुझी,
मावशी